दहावं कलम

चौदा कलमं, प्रत्येकी चार गुण, एकूण छप्पन.
माझ्याजवळ स्टॉपवॉच, फूटपट्टी, एक ठेंगणं स्टूल
आणि एक जाड पट्टा,
तो तिच्या कमरेला, टोक माझ्या मुठीत.

एर्मितास, वय एकाहत्तर.
गॅलिसियाच्या काळ्या खडकांवरून परसेबे खरवडणारी.
परसेबे म्हणजे जाड सालीची बोटंच,
दगडाला चिकटलेली, जिथे लाट सगळ्यात जोरात आपटते तिथेच.
दोन लाटांच्या फटीत उतरायचं,
हाताला लागेल तेवढं घ्यायचं, तिसरीच्या आत वर.
लिलावात तिचा माल काट्यावर चढायचा.
आज काट्यावर ती,
आणि काटा धरणारी मी, जिला पोहताही येत नाही.

पहिलं: हात न टेकता उठा.
टेकते. तीन.
दुसरं: आधाराशिवाय दोन मिनिटं उभ्या राहा.
तिसऱ्या सेकंदाला ती डावीकडे कलू लागते,
हळूहळू, जसं सामान ओढून नेणारं कुणी
दार लोटून घ्यायचं विसरावं.
सरळ, मी म्हणते.
सरळच आहे, मुली. तुझी खिडकी वाकडी बसवलीय.

मसुरीच्या डाळीएवढी गुठळी,
आणि ओळंबाच सरकला.
शिवाय डावी बाजू तिच्या लेखी उरलीच नाही:
ताटातले डावीकडचे बटाटे रोज तसेच परत जातात.
लेक नोएला डाव्या हाताला तासभर बसते,
आणि ही मला विचारते,
आज नोएला आली नाही का?

सहावं. डोळे मिटून दहा सेकंद.
मी मोठ्याने मोजू लागते तशी ती म्हणते, गप.
तिसऱ्या मजल्यावर, बंद काचेआडून
ती काहीतरी ऐकते.
अकरा सेकंद. हललीसुद्धा नाही.
चार लिहिताना माझ्या हाताला घाम.

नववं, जमिनीवरची सपाता उचला. तीन.
वाकताना शिवी देते, तिला गुण नाहीत.

दहावं. पाय न हलवता दोन्ही खांद्यांवरून मागे पाहा.
मी तिला खिडकीकडे पाठ करून उभी करते,
जमिनीवरची पट्टी तशीच चिकटवलीय म्हणून.
नाही, ती म्हणते.
एकच मिनिट, एर्मितास.
नाही. समुद्राला पाठ दाखवायची नसते.
दोसिन्दाने दाखवली होती एकदा,
खरवडणीला धार लावायला. तेवढ्यापुरती.

माझ्या फॉर्मवर नकारासाठी चौकट नाही.
मला वाटतं मी जरा कंटाळूनच म्हणाले,
मग बघा ना मागे, येतेय का ती.

आणि ती वळली.
झटकन, आधी मान, मग खांदा, मग सगळा बरगड्यांचा पिंजरा,
डावीकडून.
पाच आठवड्यांत पहिल्यांदा डावीकडून.
दोन्ही डोळे थेट काचेच्या त्या कोपऱ्यापर्यंत गेले
जो तिच्या जगात नव्हताच.
मग गुडघा सुटला,
पट्टा माझ्या मुठीत ताठ,
आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून धापा टाकत,
तिची हनुवटी माझ्या खांद्यावर, मिठाच्या वासाची नव्हे,
हॉस्पिटलच्या साबणाच्या वासाची.

वळताना मदत लागल्यास: शून्य.
नियम बरोबर आहे. मोडलेलं खुब्याचं हाड
मी पाहिलंय, त्याला कौतुक कळत नाही.
शून्य लिहिलं.

किती दिलेस?
शून्य.
ती अर्ध्या तोंडाने हसली.
काटा मारतेस, म्हणाली.
आणि मग, खुर्चीत बसता बसता,
भरती आहे. पलीकडची होडी कुणीतरी वर घ्यायला हवी.

अकरा वर्षं मी या खोलीत
खिडकीकडे पाठ करूनच उभी राहते.
वळून पाहिलं.
होडी होती, निळी, दोर पाण्यात.

कागदाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, डावीकडून,
आणि अकराव्या कलमासाठी
स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणलं.